ढगांना ताफा दिसत नाही

नाशिकच्या सिंहस्थाच्या तारखा पक्क्या झाल्या आहेत. पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला, दुसरं 31 ऑगस्टला, तिसरं 11 सप्टेंबरला नाशकात आणि 12 ला त्र्यंबकेश्वरात. आखाड्यांशी बोलणी झाली, मुख्यमंत्र्यांनी तारखा जाहीर केल्या, प्राधिकरण स्थापन झालं, निविदा निघाल्या, पालकमंत्रिपदावरून रुसवेफुगवेही झाले. न बोलावता हमखास येणारा एकच पाहुणा कुणाच्या यादीत दिसत नाही. ब्रह्मगिरीवरचा ढग.

तो दरवर्षी येतो. ब्रह्मगिरीची उंची तेराशे मीटरच्या आसपास, शेजारची अंजनेरीही जवळपास तेवढीच, आणि त्र्यंबक गाव सातशेच्या आगेमागे. मधल्या पाच-सहाशे मीटरांत ऑगस्टमध्ये काय असतं ते त्र्यंबककरांना विचारा. सकाळी डोंगर असतो, चहा होईपर्यंत नसतो, दुपारी अर्धा असतो. पाऊस पडत नसला तरी ढग खाली उतरलेला असतो, आणि पडत असला तर बोलायलाच नको. 2015 च्या तिसऱ्या पर्वणीला, 18 सप्टेंबरला, गंगेवर पावसानं काय केलं होतं ते त्या दिवशी रामकुंडावर असलेल्यांना अजून आठवत असेल.

या ढगात भाविक येतील एसटीनं आणि रेल्वेनं. साधू येतील चालत, वाजतगाजत. उरलेले येतील वरून.

कोण उरलेले, ते सांगायला नको. प्रयागराजला 2025 च्या कुंभात हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी झाली होती. ती जानेवारी-फेब्रुवारीत झाली, उत्तर प्रदेशच्या सपाट मैदानावर झाली, हा तपशील आपल्याकडे कुणी लक्षात घेईल असं वाटत नाही. ‘त्यांनी केली, मग आपण का नाही?’ एवढ्या एका वाक्यावर महाराष्ट्रात कोटींच्या निविदा निघू शकतात. तेव्हा त्र्यंबकात हेलिपॅड होतील, पुष्पवृष्टी होईल, आणि ओझरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरचं अंतर रस्त्यानं काटणं ज्यांना शोभत नाही अशांची रीघ आकाशात लागेल. हे भविष्य सांगायला पंचांग लागत नाही.

आता गंमत बघा. पावसाळ्यात हवामान खातं नाशिकला ऑरेंज अलर्ट देतं. जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात. पहिलीतल्या पोरानं छत्री घेऊन गल्लीच्या टोकाच्या शाळेत जाणं त्या दिवशी धोक्याचं असतं. त्याच दिवशी, त्याच अलर्टमध्ये, एखादे माननीय पाच आसनी हेलिकॉप्टरमध्ये बसून डोंगररांगा ओलांडणार असतील, तर तो नियोजित दौरा असतो. अलर्टला वय कळतं की हुद्दा, हे एकदा हवामान खात्यानंच स्पष्ट करावं.

अपघात झाला की मथळा ठरलेला असतो: ‘खराब हवामानामुळे’. म्हणजे आरोपी ढग. तो आला कशाला, खाली उतरला कशाला, दौऱ्याची आगाऊ सूचना दिलेली असताना बाजूला झाला कसा नाही? या राज्यात नेत्यासाठी सिग्नल थांबतात, टोलनाके उघडे होतात, अँब्युलन्सदेखील कडेला लागते. वाटेतली प्रत्येक गोष्ट बाजूला होते अशी सवय लागली की ढगही होईल असं वाटू लागतं.

28 जानेवारी 2026 ची सकाळ महाराष्ट्र इतक्यात विसरणार नाही. उपमुख्यमंत्री अजित पवार जिल्हा परिषदेच्या प्रचारसभांसाठी मुंबईहून बारामतीला निघाले. विमान लिअरजेट 45. बारामतीला मोठ्या विमानतळासारखा नियंत्रण कक्ष नाही. तिथल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांचेच लोक रेडिओवर माहिती देतात. वैमानिकानं हवा विचारली. वारा शांत, दृश्यमानता तीन हजार मीटरच्या आसपास, असं उत्तर मिळालं. नजरेनं उडायचं तर दृश्यमानता पाच किलोमीटर हवी, असं नियमाचं पुस्तक सांगतं. विमान एकदा धावपट्टीकडे आलं, धावपट्टी दिसली नाही म्हणून वर गेलं. पुन्हा आलं. दिसली म्हणाले. उतरायची परवानगी मिळाली, तिला उलट उत्तर आलं नाही. पाच माणसं गेली.

त्या विमानात कुणी कुणाला घाई केली, असं मी म्हणत नाही. कारण शोधणं अपघात तपास विभागाचं काम आहे, ते त्यांना करू द्यावं. माझी नजर अडखळली ती केंद्रीय विमानवाहतूक मंत्रालयानं त्या दिवशी दिलेल्या माहितीतल्या एका साध्या शब्दप्रयोगाशी. खाली उतरायचं ते वैमानिकानं आपल्या निर्णयानं. विमानवाहतुकीत हे नेहमीचंच बोलणं आहे, त्यात काही काळंबेरं नाही. पण आपल्या राज्यात नेत्याच्या गाडीच्या चालकाला तरी कधी ‘तुमच्या निर्णयानं’ गाडी थांबवता आली आहे का, एवढं मनाशी आठवून पाहा.

त्याच्या दीड वर्ष आधीची गोष्ट. 17 जुलै 2024, आषाढी एकादशी. नागपूरहून गडचिरोलीला एका पोलाद प्रकल्पाच्या कार्यक्रमासाठी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार हेलिकॉप्टरनं गेले आणि वाटेत ढगांत सापडले. पोचल्यावर पवारांनी भाषणात किस्सा सांगितला. बाहेर काही दिसेना, आपण पांडुरंगाचा धावा करत होतो, आणि फडणवीस मात्र निवांत गप्पा मारत होते. वर धीर देत होते, की माझे आतापर्यंत सहा अपघात झालेत, मला काही झालं नाही, तुम्हालाही होणार नाही. मांडव हसला. बातम्याही हसतच छापल्या गेल्या. सांगणाऱ्याची शैली होतीच तशी.

आज तो किस्सा वाचवत नाही. पण तो बाजूला ठेवूनही चालणार नाही, कारण त्यात आपल्या दौरासंस्कृतीचं अख्खं हवामानशास्त्र आहे. राज्याचे तेव्हाचे दोन उपमुख्यमंत्री एकाच हेलिकॉप्टरमध्ये, जुलैच्या मध्यावर, विदर्भाच्या जंगलावर, ढगात. यावर एखाद्या सचिवानं टिपण लिहिलं असेल, तर ते बाहेर आलेलं नाही. सहा अपघातांतून वाचणं ही आपल्याकडे पात्रता मानली जाते. 25 मे 2017 ला लातूर जिल्ह्यात निलंग्याला फडणवीसांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांत अडकून कोसळलं, आतले सगळे बचावले, तेव्हाही चर्चा झाली ती नशिबाची आणि आशीर्वादाची. वाचलेल्या अपघाताचा अभ्यास करावा ही कल्पना आपल्याला तितकीशी मानवत नाही. अभ्यासात नारळ फोडता येत नाही.

माधवराव शिंदे यांचं प्रकरण तर एखाद्या कादंबरीकारानं लिहिलं असतं तर संपादकानं ‘फार जुळवलंय’ म्हणून परत पाठवलं असतं. कण्हेरखेडच्या शिंद्यांचं ग्वाल्हेरचं घराणं. हे देशाचे नागरी विमानवाहतूक मंत्री होते. 9 जानेवारी 1993 ला दिल्लीत कमी दृश्यमानतेत भाड्यानं घेतलेलं टुपोलेव विमान उतरताना कोसळलं आणि उलटलं. एकही माणूस दगावला नाही. तरी माधवरावांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. पुन्हा वाचा: कुणी मेलं नव्हतं, आणि मंत्री गेला. त्या काळी अशी माणसं होती, किंवा त्या काळी राजीनामे स्वस्त होते, ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं.

पावणेनऊ वर्षांनी, 30 सप्टेंबर 2001 ला, हेच माधवराव कानपूरच्या सभेसाठी दिल्लीहून निघाले. दहा आसनांच्या आतलं किंग एअर सी-90, एका उद्योगसमूहाचं. सोबत चार पत्रकार, स्वीय सहायक, दोन वैमानिक. उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ वादळी हवेत विमान शेतात कोसळलं. आठही जण गेले. विमानवाहतूक खात्याची फाइल ज्यानं हाताळली, धुक्यात विमान उतरवण्यातला धोका ज्याला आपल्या खुर्चीच्या किमतीला कळला होता, तोसुद्धा सभेच्या वेळेला बांधलेला होता. कानपूरला लोक जमले होते. सभेला जमलेले लोक ही भारतीय राजकारणातली अशी गोष्ट आहे, जिच्यापुढे बॅरोमीटर चालत नाही.

पुढे 2009 मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी. 2 सप्टेंबर, हैदराबादहून चित्तूरकडे, बेल 430 हेलिकॉप्टर, नल्लमलाच्या जंगलावर पावसाचे ढग. अवशेष सापडले दुसऱ्या दिवशी. 2011 मध्ये अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू, तवांगहून इटानगरला जाताना. तेव्हा शोधायलाच काही दिवस लागले. या यादीत पक्ष बघू नका. सगळे आहेत. या देशात सर्वपक्षीय एकमत दोनच गोष्टींवर होतं: आमदारांचे भत्ते आणि ‘हवा ठीक होईल, निघूया’.

आणि मग बावधन. 2 ऑक्टोबर 2024, सकाळी साडेसातचा सुमार, पुण्यात धुकं. एका गोल्फ रिसॉर्टच्या हेलिपॅडवरून हेलिकॉप्टर उडालं आणि थोड्याच वेळात बावधनच्या डोंगराळ भागात पडून जळालं. आत नेता नव्हता. ते जुहूला चाललं होतं, तिथून खासदार सुनील तटकरे यांना घेऊन रायगडला जायचं म्हणून. दोन वैमानिक आणि एक अभियंता, तिघंही गेले. त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, 24 ऑगस्टला, तिथून थोड्याच अंतरावर पौडजवळ मुंबईहून हैदराबादकडे निघालेलं एक हेलिकॉप्टर पावसात कोसळलं होतं. त्यातले चौघं दैव बलवत्तर म्हणून वाचले. सह्याद्रीच्या त्या एकाच कोपऱ्यानं दोन निरोप पाठवले. पोचपावती मिळाली नाही.

बावधनची बातमी दिवसभर चालली ती ‘तटकरे थोडक्यात बचावले’ या अंगानं. जे आतच नव्हते ते बचावले, जे आत होते ते तीन. मेलेल्यांच्या यादीत मोठं नाव नसलं, की अपघात आपोआप छोटा होतो.

सह्याद्रीला हे नवं नाही. 12 जुलै 1949 ला केएलएमचं कॉन्स्टेलेशन मुंबईत उतरताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं, 45 मृत्यू. 7 जुलै 1962 ला अलितालियाचं डीसी-8 जुन्नरजवळच्या डोंगरात घुसलं, 94. 4 ऑगस्ट 1979 ला पुण्याहून मुंबईला येणारं इंडियन एअरलाइन्सचं अॅव्हरो पनवेलजवळ किरवलीच्या डोंगरावर, 45. ही मोठी विमानं, अनुभवी वैमानिक, आणि तारखा सगळ्या पावसाळ्यातल्या. डोंगर जागचे हलले नव्हते. आजच्या जेट विमानात डोंगर जवळ आला की ओरडून सांगणारी यंत्रं आहेत, म्हणून ती यादी थांबली. पण यंत्रं विकत घेता येतात ती मोठ्या कंपन्यांना; तासावर भाड्यानं मिळणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये अजून बऱ्याच अंशी दोन डोळे आणि एक नन्नाचा पाढाच कामाला येतो. त्यातल्या डोळ्यांना ढगात काही दिसत नाही. पाढा म्हणायला परवानगी नाही.

ढगात नेमकं होतं काय? आपल्याला वाटतं, दिसत नाही म्हणजे सावकाश जावं. कसारा घाटात धुकं उतरलं की आपण दिवे लावतो, पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे रांगतो, फारच झालं तर गाडी कडेला घेऊन भजी खातो. हवेत कड नसते. त्याहून वाईट म्हणजे हवेत आपलं शरीरच आपल्याला फसवतं. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा जमिनीवर चालणाऱ्या माणसासाठी घडलेली आहे. डोळ्यांना क्षितिज दिसेनासं झालं की ती बिनधास्त खोटं बोलते. विमान हळूहळू एका बाजूला कलत असतं आणि वैमानिकाला ते सरळ वाटतं. ते सरळ केलं की उलट्या बाजूला कलल्यासारखं वाटतं. उंची कमी होतेय असं दिसलं की तो दांडी मागे ओढतो, आणि कललेलं विमान आणखी घट्ट गिरक्या घेत खाली जातं.

1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात वीस जणांवर प्रयोग झाला. सगळ्यांना विमान उडवता येत होतं, पण नुसत्या यंत्रांच्या भरवशावर नाही. त्यांची बाहेरची नजर बंद केली. विसातल्या विसांचा ताबा सुटला. कुणाचा वीस सेकंदांत, कुणाचा आठ मिनिटांनी. सरासरी निघाली 178 सेकंद. म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. तेवढ्या वेळात आपल्याकडे व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावंसुद्धा घेऊन होत नाहीत.

बरं, यंत्रांवर उडता येणाऱ्यांचं तरी सगळं ठीक असतं का? 8 डिसेंबर 2021 ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं एमआय-17 पडलं. हवाई दलाचे निवडक वैमानिक, दणकट हेलिकॉप्टर. चौकशीत निघालं ते इतकंच: दरीत हवा अचानक बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, दिशाभान गेलं, डोंगर आडवा आला. यंत्रात दोष नाही, घातपात नाही. चौदा माणसं गेली, आणि देशभर आठवडाभर घातपाताच्या कहाण्या फिरल्या, कारण एवढ्या मोठ्या माणसाला साधा ढग मारू शकतो हे मानायला कुणी तयार नव्हतं. मोठ्या माणसाला मोठंच कारण लागतं.

नाशिकला हे कुणी शिकवावं असं खरं तर नाही. इथल्याच गांधीनगरला सैन्याच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर शिकवणारी शाळा आहे. ओझरला एचएएलचा कारखाना आहे, जिथे 1960 च्या दशकापासून मिग बांधले, मग सुखोई. शहराच्या एका अंगाला हवेत कसं राहायचं हे जन्मभर शिकलेली माणसं पेन्शन घेऊन बाग फुलवत बसली आहेत. कुंभाच्या आराखड्यासाठी यांतल्या दोघा-चौघांना चहाला बोलावलं तरी पुरे. पण आपल्याकडे सल्लागार म्हटला की तो बाहेरगावचा लागतो, आणि त्याला प्रेझेंटेशन करता यावं लागतं.

आता त्र्यंबकच्या हेलिपॅडवरचा 2 ऑगस्टचा संवाद. घडलेला नाही, घडायचा आहे.

“कॅप्टन, साहेब आलेत. निघू या.”

“सर, डोंगरावर ढग बसलाय. तासभर बघू.”

“तासभर? साहेबांचा पुढचा कार्यक्रम सिन्नरला आहे. लोक उन्हात बसलेत.”

“सिन्नरला ऊन असेल सर. इथे दिसत नाहीये.”

“अहो, मघाशी त्या दुसऱ्यांचं हेलिकॉप्टर उतरलं ना? त्यांना बरं दिसतं?”

इथे कॅप्टन गप्प होतो. पुढचा फोन कंपनीच्या मालकाला जातो. तो अत्यंत अदबीनं असतो. “नाही नाही, घाई नाही. फक्त विचारत होतो, तुमचा हा पायलट नवा आहे का?” एवढंच. या वाक्यात दबाव कुठे आहे, दाखवा बरं. कोर्टात दाखवता येणार नाही. पण पुढच्या निवडणुकीच्या हंगामात कोणत्या कंपनीची हेलिकॉप्टरं बुक होतील आणि कोणता कॅप्टन त्यावर असेल, ते त्या वाक्यानं ठरतं. निवडणुकीच्या उड्डाणांसाठी विमानवाहतूक नियामक डीजीसीएची परिपत्रकं आहेत. उड्डाणाचा निर्णय वैमानिकाचा, असं त्यांत छापलेलं असतं. परिपत्रक दिल्लीत राहतं, स्वीय सहायक शेजारी उभा असतो.

आणि कधी कधी तो शेजारी असायचीही गरज नसते. 26 जानेवारी 2020 ला लॉस एंजेलिसजवळ बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट आपल्या मुलीसह हेलिकॉप्टरनं खेळाच्या सामन्याला चालला होता. धुकं. वैमानिक ढगात शिरला, आपण वर चढतोय असं नियंत्रकाला सांगत राहिला, आणि हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली चाललं होतं. नऊ जण गेले. अमेरिकेच्या तपास मंडळानं वर्षभर खोदून पाहिलं. ब्रायंटनं दबाव आणल्याचा पुरावा नाही, कंपनीनं आणल्याचा नाही. मग? वैमानिकानं स्वतःच स्वतःवर आणला असावा. नेहमीचं, मोठं, आवडतं गिऱ्हाईक; त्याला पोचवायचंय. हा निष्कर्ष वाचताना मला महाराष्ट्रातला प्रत्येक तहसीलदार, प्रत्येक प्राचार्य, प्रत्येक शाखा अभियंता दिसला. साहेब काही बोललेच नाहीत हो. आम्हीच समजून घेतलं. न बोललेलं समजून घेण्यात आपण जगाला शिकवू शकतो. वैमानिकांनी तेवढं आपल्याकडून शिकू नये.

भाविकांचंही सांगून टाकतो, नाहीतर फक्त नेत्यांवर रोख आहे असं वाटेल. 18 ऑक्टोबर 2022 ला केदारनाथहून परतणारं बेल 407 धुक्यात डोंगराला धडकलं, सात गेले. 15 जून 2025 ला पहाटे त्याच मार्गावर गौरीकुंडाजवळ, पुन्हा ढग, पुन्हा बेल 407, पुन्हा सात. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं. फेऱ्या दोन दिवस बंद ठेवल्या आणि मग सुरू झाल्या. देवदर्शनाला लवकर पोचण्याची सोय झाली की देव लांब राहिला तरी चालतो. पंढरीची वारी करणाऱ्यांना हे पटणार नाही, पण पंढरीची वारी करणाऱ्यांना कोण विचारतंय. सिंहस्थात ‘हवाई दर्शन, ब्रह्मगिरी प्रदक्षिणा पंधरा मिनिटांत’ असा फलक द्वारका चौकात लागला तर मला आश्चर्य वाटणार नाही. प्रदक्षिणेत डोंगर दिसणार नाही ही गोष्ट बारीक अक्षरांत असेल.

तर प्राधिकरणाकडे एक मागणं. घाट बांधा, पूल बांधा, रिंगरोड करा, सगळं करा. त्यात एक माणूसही नेमा. तात्पुरत्या हेलिपॅडची परवानगी शेवटी जिल्हा प्रशासनच देतं, तेव्हा कायद्याची अडचण सांगू नका. हवामान कळणारा हवा. गांधीनगरहून नाहीतर ओझरहून निवृत्त झालेला मिळाला तर उत्तम. त्र्यंबकात सकाळी उठून त्यानं अंजनेरीकडे बघायचं, आकडे बघायचे, आणि हेलिपॅड उघडा की बंद हे फळ्यावर लिहायचं. बंद म्हणजे मंत्र्यालाही बंद, महामंडलेश्वरालाही बंद, फुलं टाकणाऱ्यालाही बंद. फुलं पुजाऱ्यांना वाटून टाकावीत. ज्यांना तरीही यायचं असेल त्यांनी रस्त्यानं यावं, भाविकांच्या मागे गाडी लावावी.

या माणसाला मानधन द्यावं, छत्री द्यावी, खुर्ची द्यावी. मोबाइल देऊ नये. असलाच त्याचा स्वतःचा, तर पर्वणीच्या दिवशी सकाळी तो पोलीस चौकीत जमा करून घ्यावा. लँडलाइनसुद्धा नको.